फासकीऐवजी जाळी: ससा, मुंगूस आणि बिबट्या यांच्यापासून शेत, खुराडं आणि गोठा कसा राखायचा

हरभरा उगवून चार बोटं वर येतो आणि आठवड्याभरात बांधाकडच्या ओळी कातरल्यासारख्या दिसू लागतात. मग कोणीतरी सल्ला देतं: "वाटेवर तार लावून ठेव, सकाळी ससा मिळेल." शेतीत नव्याने उतरलेल्यांनी हा सल्ला ऐकण्याआधी दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. फासकी, म्हणजे असा तारेचा फास, कायद्यात बसत नाही, आणि तिने काम होत तर नाहीच, उलट वाढतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पकडणं, फासात अडकवणं, सापळा लावणं आणि तसा प्रयत्न करणं हे सगळं येतं. म्हणजे तारेत काही अडकलं नाही तरी तार लावणारा मोकळा सुटत नाही, मग शेत स्वतःचं का असेना. रानातला ससा संरक्षित आहे. त्याच्यासाठी लावलेल्या तारेत बिबट्या किंवा लांडगा सापडला तर प्रकरण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, जातं. तिथे शिक्षा किमान तीन वर्षं कैद, सात वर्षांपर्यंत वाढू शकणारी, आणि दंड पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही.

काम वाढतं ते असं. फासात अडकलेला ससा लगेच मरत नाही. तो धडपडतो, किंचाळतो. रात्रीच्या शांततेत तो आवाज लांबवर जातो आणि कोल्हा, रानमांजर, मोकाट कुत्री, बिबट्या या सगळ्यांना तुमच्या शेताचा पत्ता मिळतो. हरभऱ्याची चार रोपं वाचवायला लावलेली तार शेळ्यांच्या गोठ्यापर्यंत बिबट्याला आणते. शिवाय तार कोण अडकलं हे बघत नाही. शेजाऱ्याचं करडू, राखणीचं कुत्रं, उंदीर खाणारं मुंगूस, सगळे तिला सारखेच. आणि एक ससा गेला तरी बांधावरचं गवत आणि कोवळं पीक तिथेच राहतं. महिन्याभरात दुसरा येतो.

म्हणून या लेखात प्राण्याला पकडायची एकही रीत नाही. त्याची वाट कशी बंद करायची, एवढंच आहे.

आधी चोर ओळखा

कुंपणावर पैसे घालण्याआधी दोन सकाळी शेतात फिरा. दव असतानाच जा. माती ओली असते, ठसे उमटलेले असतात.

सशाने खाल्लेलं रोप तिरकं आणि स्वच्छ कापलेलं असतं, जणू कात्रीने. खाल्लेली उंची जमिनीपासून फार तर दीड फूट. आजूबाजूला सुट्या, गोल, कोरड्या लेंड्या असतात. फोडून पाहिल्या तर आत गवताचे तंतू दिसतात. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून त्याने खाल्लेला शेंडा ओढून तोडल्यासारखा फाटका दिसतो आणि उंचीही जास्त असते. रानडुक्कर माती उकरून टाकतं, ते कोणालाही कळतं. साळिंदर कंद खणतं, झाडाचं बूड कुरतडतं आणि बहुधा एखादा काटा मागे ठेवून जातं. दांडा बारीक कुरतडलेला आणि जवळच बीळ असेल तर उंदीर किंवा घूस.

बिळाचा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण इथे नेहमी घोळ होतो. आपल्याकडचा रानससा बिळात राहत नाही. तो गवतात किंवा झुडपाच्या बुडाशी अंगापुरता खळगा करून दिवसभर दबून बसतो आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतो. त्याची पिल्लं अंगावर केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवूनच जन्मतात, त्यांना बिळाची गरज पडत नाही. बिळं करून राहतो तो युरोपातला ससा. पाळीव पांढरे ससे त्याच जातीचे. त्यामुळे इंटरनेटवरच्या परदेशी सल्ल्याप्रमाणे बिळं बुजवणं, बिळात धूर करणं हे आपल्याकडे सशावर लागूच पडत नाही. तुमच्या बांधातलं बीळ घुशीचं, उंदराचं, साळिंदराचं किंवा घोरपडीचं असतं, आणि त्यात कधी नागही असतो. हात घालू नका.

सशासाठी कुंपण: एका एकराचा हिशोब

ससा उंच उडी मारू शकतो, पण खायला येताना तो सहसा उडी मारत नाही. फट शोधतो आणि खालून घुसतो. म्हणून या कुंपणात उंचीपेक्षा बूड महत्त्वाचं.

चौकोनी एकराची एक बाजू सुमारे २०९ फूट, म्हणजे घेर ८३६ फूट. लागणारं सामान असं:

- तीन फूट रुंदीची कोंबडी जाळी, एक इंची भोकाची, ५० फुटी गुंडाळ्या. हिशोबाने १७ लागतात, जोडावर एकावर एक येणारा भाग आणि फाटक धरून १८ घ्या. दीड इंची भोकाची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून सशाचं लहान पिल्लू निघून जातं.
- साडेचार फुटी खांब, दर दहा फुटांवर एक, म्हणजे ८४. कोपऱ्यांचे तिरके आधार आणि फाटकाचे दोन धरून ९४. बांबू चालतो, पण बुडाला डांबर किंवा जळकं तेल लावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी खाते.
- वरून ओढायला १२ गेजची जीआय तार, ११ किलो.
- जाळी तारेला बांधायला बारीक बांधणीची तार, दोन-तीन किलो.
- जमिनीत ठोकायला आकड्यासारखे वाकवलेले तारेचे खिळे. बांधावर दगड भरपूर असतील तर यांची गरज नाही.

क्रम चुकवू नका. आधी चारही कोपऱ्यांचे खांब दीड फूट खोल पुरा आणि प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी तिरका आधार द्या. कोपरा ढिला राहिला तर तार ओढताना तो आत झुकतो आणि सगळी जाळी पोट काढून लोंबते. मग वरची तार जमिनीपासून अडीच फुटांवर ताणून घ्या. त्यानंतर मधले खांब, आणि शेवटी जाळी.

जाळी तीन फुटी, पण उभी ठेवायची अडीच फूटच. उरलेले सहा इंच बाहेरच्या बाजूला, म्हणजे ससा जिकडून येतो तिकडे, जमिनीवर आडवे वाकवा आणि दर दोन फुटांवर खिळ्याने किंवा दगडाने दाबा. ससा कुंपणाच्या अगदी बुडाशी येऊन नाक खुपसतो, पाय उकरतो. पायाखाली जाळी लागली की तिथे त्याचा प्रयत्न संपतो. मागे सरून सहा इंच लांबून खणावं, हे त्याला सुचत नाही. हेच सहा इंच आतल्या बाजूला वाकवले तर कुंपण असून नसल्यासारखं. नव्याने करणारे सगळ्यात जास्त इथेच चुकतात. दोन महिन्यांत गवत त्या आडव्या जाळीतून वर येतं आणि तिला आपोआप घट्ट धरतं. तोवर आठवड्यातून एक फेरी मारायची.

पाट, नाली किंवा पाइप कुंपणाखालून जात असेल तिथे खरी भगदाडं असतात. पाटाच्या तोंडाला सळ्यांची चौकट उभी करा, दोन सळ्यांत एका इंचापेक्षा जास्त अंतर नको. पाला अडकतो, तो पाण्याच्या पाळीला काढावा लागतो. फाटकाखाली मातीऐवजी एक जुनी फरशी टाका, म्हणजे खड्डा पडत नाही.

एवढा खर्च पहिल्याच वर्षी नको असेल तर सगळ्या शेताऐवजी नर्सरी, भाजीचे वाफे आणि नवी रोपं राखा. हरभऱ्याला धोका पहिल्या महिन्यात, नंतर रोप खारतं आणि ससा त्याला फारसं तोंड लावत नाही. आंबा, काजू, डाळिंब यांच्या रोपांसाठी जाळीचा गोल पिंजरा पुरतो. साडेतीन फुटांचा तुकडा कापून टोकं गुंफली की साधारण तेरा इंच व्यासाचं नळकांडं होतं, म्हणजे ५० फुटी गुंडाळीत चौदा. उंची दोन फूट ठेवा. रोप मधोमध आणि जाळीपासून अर्धा फूट लांब हवं, कारण खोड जाळीला टेकलं तर ससा बाहेरूनच साल कुरतडतो. पिंजरा दोन खुंट्यांना बांधा आणि खोड मनगटाएवढं झालं की काढून टाका, नाहीतर तार सालीत रुतते.

साड्यांचं कुंपण पुष्कळ ठिकाणी दिसतं. रानडुकराला ते थोडे दिवस बिचकवतं. ससा साडीखालून आरामात जातो. जुनी मासेमारीची जाळी तर लावूच नका. ती ढिली असते, तिच्यात धामण, घुबड, ससा गुंततात आणि गळा आवळून मरतात. म्हणजे फासकीच झाली, फक्त नायलॉनची. फवारायच्या वासाच्या औषधांचा गुण पहिल्या पावसापर्यंत किंवा पहिल्या तुषार पाण्यापर्यंत टिकतो. सौर कुंपण डुकरासाठी उपयोगी आहे. सशासाठी मात्र तार इतकी खाली घ्यावी लागते की गवत टेकून झटका जमिनीत उतरतो.

घरच्या विजेची तार कुंपणाला जोडणं हा तर माणसं मारायचा उद्योग आहे. सौर कुंपणाचं यंत्र सेकंदाला साधारण एक असा क्षणिक झटका देतं, म्हणून प्राणी मागे सरू शकतो. थेट लाइनचा प्रवाह थांबत नाही, स्नायू आखडतात आणि हात सुटत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला माणूस त्यात जातो.

पीक नुकसानभरपाईच्या यादीत रानडुक्कर, हरीण, नीलगाय, गवा, माकड यांची नावं आहेत. सशासाठी जाळी हाच उपाय धरून चाला.

कोंबड्यांचं खुराडं

इथेही आधी ओळख. दिवसाढवळ्या एक-दोन कोंबड्या मान चावलेल्या आणि अंडी फुटलेली मिळाली तर मुंगूस. रात्रीतून अख्खी कोंबडी गायब आणि बाहेर पिसांची ओळ दिसली तर रानमांजर किंवा कोल्हा. बऱ्याच कोंबड्या फाडून तिथेच टाकल्या आणि जाळीही फाटली असेल तर मोकाट कुत्री. वरच्या फटीतून येऊन गेलं असेल तर उदमांजराचा संशय घ्या, ते झाडावरून छपरावर उतरतं. पिल्लं कमी होत जातात पण रक्त नाही, पिसं नाहीत, तर धामण, नाग किंवा घूस. अंगणातून दिवसा पिल्लू उचललं तर घार किंवा शिक्रा.

षटकोनी भोकांची कोंबडी जाळी कोंबड्यांना आत ठेवते. बाहेरच्याला ती अडवत नाही. कुत्रं ती दाताने ओढून फाडतं, मुंगूस जोडाच्या फटीतून शिरतं. सशासाठी चालणारी जाळी खुराड्याला चालत नाही ती यामुळेच. खुराड्याला अर्धा इंच बाय अर्धा इंच भोकाची वेल्ड मेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्डिंगने जोडलेली चौकोनी जाळी, लावा, निदान खालच्या दोन फुटांना आणि सगळ्या झरोक्यांना. पिल्लांच्या कप्प्याला पाव इंची, कारण अर्ध्या इंचातून सापाचं लहान पिल्लू येतं.

बारा गावठी कोंबड्यांना रात्रीपुरतं चार फूट बाय पाच फूट खुराडं पुरतं. बसायला प्रत्येकीला आठ इंच दांडी धरा, म्हणजे चार फुटी दोन दांड्या. खुराडं जमिनीपासून अडीच फूट उंच पायांवर ठेवलं की कोकणातल्या ओलीतही तळ कोरडा राहतो आणि घुशीचं खणणं निरुपयोगी ठरतं. प्रत्येक पायाभोवती जमिनीपासून दीड फुटावर एक फूट रुंदीचा गुळगुळीत पत्रा गुंडाळा, उंदीर आणि साप त्यावरून घसरतात. चढायची फळी रात्री काढून ठेवायची. फळी विसरली तर पत्र्याचा काही उपयोग नाही.

जमिनीवरचंच खुराडं असेल तर भिंतीच्या बुडापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी आडवी पुरून वर दगड रचा. मुंगूस, कोल्हा, कुत्रं हे तिघेही सशासारखेच बुडाशी खणतात, त्यामुळे तत्त्व तेच.

जाळी लाकडाला नुसत्या खिळ्यांनी ठोकली की खिळ्याचं डोकं भोकातून निसटतं. जाळीवर पातळ लाकडी पट्टी ठेवा आणि पट्टीतून स्क्रू मारा. दाराला नुसती फिरणारी खुंटी नको. मांजर पंजाने ती हलवते. कडी लावा आणि कडीत खिळा किंवा कुलूप घाला.

दिवस मावळायच्या आधी कोंबड्या आत आणि मोजून आत. एक बाहेर राहिली तर ती आंब्यावर जाऊन बसते, आणि उदमांजराला त्या झाडाची सवय लागते. सांडलेलं खाद्य संध्याकाळी उचला. त्यावर उंदीर येतात, उंदरांमागे साप येतो. मेलेली कोंबडी उकिरड्यावर फेकू नका, तीन फूट खड्डा करून वर चुना टाकून पुरा. उघड्यावर टाकलेल्या पोल्ट्रीच्या घाणीवर कुत्री जमतात आणि कुत्र्यांवर बिबट्या येतो. ही साखळी पुढच्या भागाशी जोडलेली आहे.

शेळ्यांचा गोठा बिबट्यापासून बंद करणं

जुन्नर, आंबेगाव, शिरूर, अकोले, संगमनेर, निफाड या पट्ट्यात बिबट्या जंगलातून चुकून येत नाही. तो उसात जन्मतो, उसात वाढतो. अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यात सर्वांत मोठं खाद्य कुत्रा निघालं. शेळीचा वाटा त्याहून बराच कमी. आणि पकडून दुसरीकडे सोडल्याने प्रश्न सुटतो असंही नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जुन्नर भागातून बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले, आणि सोडले त्या भागांत माणसांवरचे हल्ले वाढले, असं अभ्यासातून पुढे आलं. म्हणून पिंजऱ्याची मागणी करायच्या आधी गोठा बंद करा. पिंजरा लावायचा की नाही हे वनखातंच ठरवतं. गोठा मात्र तुमच्या हातात आहे.

दहा शेळ्यांना दहा बाय बारा फुटांचा गोठा पुरतो. प्रौढ शेळीला दहा चौरस फूट, उरलेली जागा करडांची. उंची सात फूट.

१. चार कोपरे आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध एक, असे आठ खांब, शिवाय दारासाठी नववा. दोन इंची जीआय पाइप घ्या, साडेआठ फूट लांब. एक फूट बाय एक फूट, दीड फूट खोल खड्ड्यात १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने पक्के करा आणि सात दिवस पाणी मारा.

२. खांबांच्या मधे तीन फूट उंचीची वीट किंवा दगडाची भिंत, पाया एक फूट खोल. ही भिंत फार महत्त्वाची आहे. दोन इंची भोकातून बिबट्याचं तोंड येत नाही, पण नख्या येतात. जाळीला टेकून बसलेल्या शेळीचा पाय किंवा मान तो बाहेरून ओढतो. शेळी बसते तेवढ्या उंचीपर्यंत भरीव भिंत असली की ती त्याच्या हाताला लागत नाही आणि नजरेलाही पडत नाही.

३. भिंतीच्या वर छतापर्यंत चेनलिंक जाळी, १० गेज, दोन इंची भोकाची. जाळी खांबांच्या बाहेरच्या बाजूने लावा. बाहेरून धडक बसली की ती खांबांवर दाबली जाते. आतून लावलेली जाळी त्याच धडकेने बांधणी तोडून आत पडते. दर एक फुटावर १४ गेज तारेने बांधा, खालची कड भिंतीत गाडलेल्या सळीला अडकवा.

४. छत. बिबट्या दहा फुटी भिंत सहज चढतो, त्यामुळे वरून उघडा गोठा बंद धरता येत नाही. सिमेंटचे जुने पत्रे त्याच्या वजनाने फुटतात. लोखंडी पत्रे दगड ठेवून दाबलेले असतील तर तो कडेने उचकटतो. पत्रे कैचीला, म्हणजे छपराच्या सांगाड्याला, स्क्रूने किंवा आकड्याच्या बोल्टने आवळलेले हवेत. पत्र्याच्या खाली जाळीचा एक थर घातला तर उत्तम.

५. भिंत आणि छप्पर यांच्यामधली हवेची फट. गोठा बांधताना सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथे होतं आणि आत शिरायचा मार्गही बहुधा हाच. हवा हवीच, नाहीतर मुताच्या वासाने शेळ्या खोकू लागतात. फट ठेवा, पण जाळीने शिवून घ्या.

६. दार अडीच फूट बाय पाच फूट, लोखंडी अँगलच्या चौकटीत, खाली पत्रा, वर जाळी. ते बाहेर उघडणारं आणि बंद झाल्यावर चौकटीवर चारही बाजूंनी टेकणारं हवं. बाहेरून जोर आला की ते जास्तच घट्ट बसतं. वर एक कडी, खाली एक कडी. भक्कम गोठ्याचं दार दोरीने बांधलेलं अनेकदा दिसतं. तेवढ्यावर सगळा खर्च पाण्यात जातो. दाराखालची फट दोन इंचांच्या आत ठेवा.

करडांसाठी आत वेगळा कप्पा करा, जाळीपासून दीड-दोन फूट आत. आणि राखणीचं कुत्रं रात्री गोठ्याबाहेर साखळीने बांधू नका. ते बिबट्याला अडवत नाही, ते त्याचं आवडतं खाणं आहे, आणि साखळीमुळे पळूही शकत नाही. त्याला आत घ्या. ते आतून भुंकलं तरी इशारा मिळतोच.

गोठ्याभोवती तीस-चाळीस फूट गवत, तूर, झुडपं साफ ठेवा. ऊस भिंतीला लागून असेल तर पुढच्या लागणीला तेवढी पट्टी सोडा. लुकलुकणारे दिवे, फटाके, रेडिओ यांचा उपयोग थोडे दिवस होतो. रोज तीच जागा, तोच प्रकाश असेल तर त्याला सवय होते. दिव्यांची जागा दोन-तीन रात्रींनी बदला, आणि जाळीऐवजी दिवे असा सौदा करू नका.

फिरस्त्या मेंढपाळांना पक्का गोठा शक्य नसतो. माळावर मेंढ्या वाघरीत, म्हणजे खुंट्यांवर उभ्या केलेल्या जाळीच्या कोंडवाड्यात, बसवल्या जातात, तिथे मुख्य भीती लांडग्याची आणि मुख्य नुकसान कोकरांचं. वाघर सैल न ठेवता खुंट्यांना ताणून बांधा, खालची कड दगडांनी दाबा आणि कोकरं मधोमध, माणसांच्या झोपायच्या जागेजवळ डालग्याखाली किंवा आतल्या दुसऱ्या वाघरीत ठेवा.

हल्ला झालाच तर

मेलेलं जनावर हलवू नका. शिकार झालेल्या जागेवर रात्री बिबट्या परत येतो, त्यामुळे अंधार पडल्यावर तिथे गर्दी करू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षक किंवा वनपालाला कळवा, नाहीतर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. दिवसा एक माणूस राखणीला बसवा, म्हणजे कुत्री जनावर ओढणार नाहीत. कुत्र्यांनी ओढलं की खुणा पुसल्या जातात आणि पंचनाम्यात वाद होतो. गळ्यावर खोल सुळ्यांच्या खुणा आणि नखं न उमटलेला गोल ठसा म्हणजे बिबट्या. मागच्या पायांवर, पोटावर अनेक फाटके चावे आणि नखं उमटलेले ठसे म्हणजे कुत्री. ठशाशेजारी मोजपट्टी किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला, आधार, बँक पासबुकाची प्रत तयार ठेवा. पंचनामा झाला की जनावर लगेच खोल पुरा.

रागाच्या भरात मेलेल्या जनावरावर विष टाकण्याचे प्रकार होतात. त्यात बिबट्यापेक्षा आधी मरतात गावची कुत्री, घारी आणि गिधाडं. आणि विष घालणंही शिकारच.

ऊसतोडीला बिबट्याची पिल्लं सापडली तर तोड तिथेच थांबवा, हात लावू नका, फोटोसाठी उचलू नका. वनखात्याला कळवा. त्यांची माणसं पिल्लं तपासून त्याच जागी खोक्यात ठेवतात आणि बहुतेक वेळा आई रात्रीत येऊन घेऊन जाते. पिल्लं तिथून दूर नेली तर आई परिसरात शोधत फिरते, आणि ते दिवस गावासाठी फार धोक्याचे.

बिबट्या समोर आला तर पळू नका, वाकू नका. उभं राहून हात वर करा, मोठ्याने बोला, तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरा. लहान मुलांना तिन्हीसांजेनंतर उसाच्या कडेने एकटं पाठवू नका. उघड्यावर खाली बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं दिसतं.

तुमच्या बांधावर तार सापडली तर

सशासाठी लावलेली तार बारीक असते आणि गवताच्या वाटेवर, टीचभर उंचीवर. डुकरासाठी मोटरसायकलची क्लच किंवा ब्रेक वायर वापरतात, गुडघ्याएवढ्या उंचीवर, कुंपणाच्या फटीत, ओढ्याच्या उतारावर. बिबट्या बहुधा या दुसऱ्या तारेत अडकतो, आणि अनेकदा कमरेत. मोकळी तार दिसली तर आहे तशी फोटोत घ्या, जागा टिपा आणि वनरक्षकाला कळवा. एक तार असेल तर जवळ आणखी असतात, त्या कडेने शोधायच्या असतात.

बिबट्या, कोल्हा किंवा कोणताही रानटी प्राणी अडकलेला असेल तर सोडवायला जाऊ नका. १९२६ ला फोन, लोकांना शंभर मीटर लांब, गोंगाट बंद. गर्दी आणि आवाजाने प्राणी उसळ्या मारतो, तार आणखी रुतते, आणि तुटली तर तो थेट लोकांत येतो. बेशुद्ध करण्याचं काम पशुवैद्यक करतात. ते येईपर्यंत थांबणं हीच मदत.

आपलं कुत्रं किंवा शेळी अडकली असेल तर डोक्यावर पोतं टाका, एकाने अंग दाबून धरा, दुसऱ्याने गळ्याजवळचा फासच पक्कडीने कापा. खुंटीकडची तार आधी कापली तर घाबरलेलं जनावर गळ्यात फास घेऊन पळतं आणि पुन्हा हाती लागत नाही. वरून जखम दिसली नाही तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. तारेने दाबलेला भाग दोन-तीन दिवसांनी सुजतो आणि मग सडतो.

जाळी लावून झाली की वर्षातून दोनदा पाहणी ठेवा. एकदा पावसाळा संपल्यावर, कारण बुडाशी गंज तेव्हा दिसतो, आणि एकदा ऊसतोड सुरू व्हायच्या आधी, कारण तोडीच्या दिवसांत बिबटे जागा बदलतात. गंजलेली जाळी बोटाने दाबून पाहा. मोडली तर तो तुकडा त्याच दिवशी बदला.